दहा मात्रांची कसोटी

संगणकावर तालवाद्यांचं संगीत रचायला निघालेला नवखा माणूस सॉफ्टवेअरबद्दल पहिला प्रश्न विचारतो तो आवाजांचा. त्यात तबला आहे का, ढोलकी आहे का, ड्रमसेट किती मिळतात, ते खरे वाटतात का. प्रश्न स्वाभाविक आहे, कारण जाहिरातीही त्याच भाषेत बोलतात: इतके गिगाबाइट नमुने, इतके हजार तयार लूप. माझं म्हणणं असं की हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न काळाचा. हे सॉफ्टवेअर वेळ कशी मोजतं, ती कुठे तोडतं, शेवटाला पोचल्यावर काय करतं, आणि एखादा आघात त्याच्या घरापासून केसभर मागे-पुढे सरकवू देतं का, हे आधी पाहावं. आवाज पुढे बदलता येतात, विकत घेता येतात, स्वतः ध्वनिमुद्रित करता येतात. वेळेचा साचा मात्र सॉफ्टवेअरच्या हाडातच असतो, आणि पहिल्या काही महिन्यांत शिकणाऱ्याच्या हाताला वळण लागतं ते त्या साच्याचं.

हा साचा आला कुठून ते पाहण्यासारखं आहे. १९८० साली जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-८०८ हे तालयंत्र बाजारात आणलं. त्याच्या दर्शनी भागावर १६ बटणांची रांग होती. चार-चार बटणांचे चार गट, प्रत्येक गटाचा रंग निराळा. चार ठोक्यांचा एक बार, प्रत्येक ठोक्याचे चार समान तुकडे, आणि जे बटण दाबाल त्या तुकड्यावर आघात. त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर लिन यांचं एलएम-१ आलं. खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित नमुने वाजवणारं ते पहिलं तालयंत्र. १९८३ साली मिडी आली, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता येईल अशी सामाईक भाषा. पुढे १९९७ साली बेल्जियममध्ये फ्रूटीलूप्स निघालं, तेच आजचं एफएल स्टुडिओ. त्याने ती १६ घरांची रांग संगणकाच्या पडद्यावर आणून ठेवली. आज जगातले असंख्य नवशिके तिथूनच सुरुवात करतात. आपल्याकडच्या माणसाला तर ती रांग पाहून घरचंच कुणी भेटल्यासारखं वाटतं, कारण तीनतालही १६ मात्रांचाच. हा योगायोग मात्र फसवा आहे. यंत्रातली १६ घरं म्हणजे चार ठोक्यांचे तुकडे. तीनतालातल्या १६ मात्रा म्हणजे १६ पुरते ठोके, आणि त्यातल्या प्रत्येकाची दुगुन, तिगुन, चौगुन व्हायची असते. त्या रांगेत ठेका बसतो. ‘तिरकिट’ एका मात्रेत घ्यायचं म्हटलं की घरं कमी पडतात.

म्हणून सॉफ्टवेअर तपासायचं ते तीनतालाने तपासू नये. झपतालाने तपासावं. दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन असे विभाग: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हा ठेका मांडायला बसा आणि तुम्हाला किती झगडावं लागतं ते पाहा. उदाहरणासाठी मी हायड्रोजन घेतो. हे विनामूल्य, मुक्त परवान्याचं तालयंत्र लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर चालतं, आणि तालाशिवाय ते दुसरं काही करू पाहत नाही. पडद्यावर डावीकडे वाद्यांची नावं, उजवीकडे घरांची जाळी, आणि त्या जाळीखाली प्रत्येक आघाताचा जोर दाखवणाऱ्या उभ्या रेघा. नमुन्याची, म्हणजे पॅटर्नची, लांबी लिहायला एक छोटी खिडकी आहे, तिथे १० आणि ८ हे आकडे भरले की जाळी दहा मात्रांची होते. वेगाचा आकडा तेवढा जपून वाचायचा: तो पाश्चात्त्य चतुर्थांश ठोके मोजतो आणि आपली मात्रा इथे अष्टमांश आहे, तेव्हा मिनिटाला ८० मात्रा हव्या असतील तर तिथे ४० लिहावे लागतात. हायड्रोजनसोबत येणाऱ्या मूळ संचात तबला नाही. हरकत नाही. स्टिकच्या आवाजाला चाटीवरचा ‘ना’ समजा, टॉमला ‘ती’, किकला डग्ग्यावरचा ‘घे’, आणि त्या ओळींची नावंही तशीच बदलून टाका.

आता आघात भरा. ‘ना’ची ओळ: दुसरं, पाचवं, सातवं, दहावं घर. ‘ती’ची ओळ: पहिलं, तिसरं, चौथं, सहावं, आठवं, नववं. ‘धी’ हा एकाच वेळी दोन हातांनी वाजणारा बोल, त्यामुळे जिथे धी आहे तिथे खाली ‘घे’च्या ओळीतही खूण पडते: पहिलं, तिसरं, चौथं, आठवं, नववं. खालच्या दोन ओळी शेजारी ठेवून पाहिल्या की त्यांच्यात फरक फक्त एका घराचा दिसतो, सहाव्याचा. तिथे तबला बोलतो आणि डग्गा गप्प राहतो. झपतालाची खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा दाखवायची जागा, नेमकी तिथेच आहे. तीनताल मांडला की याहून गमतीची गोष्ट दिसते. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा असा ठेका घेतला तर डग्ग्याच्या ओळीतली मोकळी जागा दहाव्या घरापासून तेराव्यापर्यंत येते. खालीचा विभाग मात्र नवव्या मात्रेपासून बाराव्यापर्यंत. म्हणजे हाताने दाखवायची खाली आणि कानाला जाणवणारी डग्ग्याची माघार यांत एका मात्रेचं अंतर आहे. हे तबलावादकाच्या हातात मुरलेलं असतं, पण नुसतं ऐकणाऱ्याला वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. जाळीवर ते पाच मिनिटांत डोळ्यांना दिसतं. नवशिक्याने संगणकाकडे यायचं ते यासाठी, तालाची आतली वीण उलगडून पाहता यावी म्हणून.

याच कसोटीचा पुढचा टप्पा तिहाईचा. झपतालात समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, सुरू करून पुढच्या समेवर यायचं असेल तर ११ मात्रांचा हिशेब लागतो: तीन मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एक-एक मात्रेचा दम. ‘धी ना धा’ आणि थांबा, ‘धी ना धा’ आणि थांबा, ‘धी ना धा’. शेवटचा धा अकराव्या मात्रेवर येतो, आणि दहा घरांच्या जाळीत अकरावं घर नसतंच. तो धा ठेवायचा तर पुढच्या नमुन्याच्या पहिल्या घरात ठेवावा लागतो. शेवटही तोच आणि आरंभही तोच, हे सम नावाच्या गोष्टीचं वैशिष्ट्य वर्गात तोंडी सांगून जेवढं कळतं त्याहून जास्त त्या एका घराच्या शोधात कळतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये दहा घरांचा नमुना, त्याला लागून १६ घरांचा, मग पुन्हा दहाचा अशी मांडणी सहज करता येते ते आपल्या कामाचं. जिथे एकदा निवडलेला बार सगळ्या रचनेला जखडून ठेवतो तिथे नवशिक्या नकळत चारच्या पटीत विचार करू लागतो.

यावर जाणकार लगेच म्हणतील की हे सगळं कुठल्याही मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. एफएल स्टुडिओत घरं वाढवता-घटवता येतात, एबलटन लाइव्ह, रीपर, लॉजिक या सगळ्यांत तालाची चौकट बदलता येते. खरं आहे, आणि मी ते नाकारत नाही. पण करता येणं वेगळं आणि हाताशी असणं वेगळं. नवखा माणूस समोर जे उघडं दिसतं तेच वापरतो. मेनूच्या तिसऱ्या पायरीवर काय आहे ते त्याला माहीतच नसतं, आणि ते शोधायचं असतं हेही माहीत नसतं. कोरी फाइल उघडल्यावर चार ठोक्यांचा बार, मिनिटाला १२० चा वेग आणि शेजारी त्याच मापाने कापलेले तयार लूप दिसले, तर पहिल्या दहा रचना त्याच मापाच्या होणार. मोठं सॉफ्टवेअर वाईट नाही. ते गाणं, वाद्यवृंद, मिश्रण असं सगळं एका छताखाली करणाऱ्यांसाठी घडवलेलं आहे. ताल शिकायला बसलेल्याला त्यातल्या नव्वद गोष्टी बाजूला सारून दहा शोधाव्या लागतात, एवढंच.

‘पुढे व्यावसायिकांचं सॉफ्टवेअर शिकावंच लागणार, मग दोनदा कष्ट कशाला?’ हा आक्षेपही नेहमीचा आहे. त्याला उत्तर मिडीने केव्हाच देऊन ठेवलंय. हायड्रोजनमध्ये मांडलेला ठेका मिडी फाइल म्हणून बाहेर काढता येतो आणि कुठल्याही मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतो. कोणता आघात, कोणत्या क्षणी, किती जोराने, हे सगळं सोबत जातं. वाया जात नाही. उलट पहिल्याच दिवशी महागडं सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनी एक गोष्ट तपासून घ्यावी: चाचणी आवृत्तीत केलेलं काम पुन्हा उघडता येतं का. एफएल स्टुडिओच्या चाचणी आवृत्तीत काम जतन करता येतं, पण विकत घेईपर्यंत ते पुन्हा उघडून पुढे नेता येत नाही. रीपर ६० दिवस पूर्णपणे वापरून पाहता येतं. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक कुठल्याही आवाजसंग्रहापेक्षा मोठा, कारण कालचं काम आज दुरुस्त करणं हाच त्याचा रियाज आहे. तसंच सुरुवातीला वेगळं ऑडिओ कार्ड, पॅड, कीबोर्ड घेण्याची घाई करू नये. बोट लावल्यापासून आवाज येईपर्यंतचा विलंब हा हाताने वाजवणाऱ्याचा प्रश्न. सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगाने १,०२४ नमुन्यांचा साठा ठेवला तर सुमारे २३ मिलिसेकंद विलंब होतो, २५६ ठेवला तर सहाच्या आत. माउसने घरं भरणाऱ्याला या विलंबाने काही बिघडत नाही.

आता आवाजांच्या आक्षेपाकडे येतो, कारण तो सगळ्यांत वजनदार आहे. ‘किकच्या आवाजात झपताल ऐकून कुणाला गोडी लागेल? रुक्ष आवाजाने माणूस आठवड्यात कंटाळेल.’ यात तथ्य आहे. तरीही आवाजावरून निवड करू नये असं मी म्हणतो, कारण आपल्या वाद्यांच्या बाबतीत तशी निवड करण्याजोगं फारसं काही हातातच नसतं. १९९१ साली जनरल मिडी नावाचं प्रमाण ठरलं, त्यात तालवाद्यांचे ४७ आवाज ३५ ते ८१ या क्रमांकांवर कायमचे नेमून दिले. त्यात बोंगो आहे, कोंगा आहे, क्यूबा आणि ब्राझीलची कितीतरी वाद्यं आहेत. तबला नाही, ढोलकी नाही, मृदंग नाही. पुढे अनेकांनी तबल्याचे संच तयार केले, काही फार चांगले आहेत. पण तबल्याचा आवाज नमुन्यांत बांधणं मुळातच अवघड. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये आपल्या तालवाद्यांबद्दल लिहिलं होतं. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी बेसूर असतात. तबल्याच्या पुडीवरच्या काळ्या शाईच्या भाराने ते एका सुरेल श्रेणीत येतात. म्हणून चाट, मैदान आणि शाई या तीन जागांचे तीन स्वभाव होतात. आणि डग्ग्यावर तर आघात झाल्यावरही वादकाचं मनगट काम करत असतं. दाब देत पुढे सरकलं की आवाज चढतो, घिस्सा निघतो. एका आघाताचा एक नमुना हे गृहीतच तिथे अपुरं पडतं. तेव्हा महागडा संच घेऊनही खरा डग्गा मिळणार नसेल, तर नवशिक्याने आवाजामागे पैसे घालण्याऐवजी स्वतःच्या नाहीतर शेजारच्या तबल्याचे सात-आठ बोल मोबाइलवर शांत खोलीत मुद्रित करावेत, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कापावेत, आणि संचात भरावेत. हायड्रोजनमध्ये एका वाद्याखाली अनेक थर ठेवता येतात: हलक्या हाताचा ‘ना’ एका थरात, जोराचा दुसऱ्या थरात. मिडीतला जोर शून्य ते १२७ असा मोजतात. त्या आकड्यानुसार योग्य थर वाजतो. मग गोडी लागते, कारण आवाज ओळखीचा असतो.

नुसत्या जोराने मात्र भागत नाही, आघाताची जागाही हलावी लागते. पुण्यातल्या मिरवणुकीतलं ढोल-ताशा पथक संगणकावर उभं करायचं म्हणून अनेक मुलं एकच ढोल २० ओळींत चिकटवतात. तोच नमुना अगदी त्याच क्षणी २० वेळा वाजला तर २० ढोल ऐकू येत नाहीत, एकच ढोल मोठ्याने ऐकू येतो. पथकाचा भरदारपणा येतो तो वादकांचे हात काही मिलिसेकंदांनी मागे-पुढे पडल्यामुळे आणि प्रत्येक ढोलाच्या पानाचा ताण वेगळा असल्यामुळे. हायड्रोजनमध्ये जोर आणि वेळ यांत थोडी विस्कट आणणारी दोन बटणं आहेत, तिसरं लचकीचं, म्हणजे स्विंगचं. आणि प्रत्येक आघात स्वतंत्रपणे आधी किंवा उशिरा सरकवण्याचीही सोय आहे. माझ्या मते ही शेवटची सोय सगळ्यांत मोलाची, कारण बटणाची विस्कट ही नुसती यादृच्छिक असते. माणूस असा कुठेही चुकत नाही, तो ठरावीक जागी रेंगाळतो. रॉजर लिन यांच्या यंत्रांत या लचकीचं माप टक्क्यांत असे: ५० म्हणजे जोडीतले दोन्ही आघात समान अंतरावर, ६६ म्हणजे दुसरा आघात तिसऱ्या भागावर ढकललेला. भजनातला केरवा आणि लावणीची ढोलकी या दोन आकड्यांच्या दरम्यान कुठेतरी नांदतात, आणि वादकागणिक जागा बदलतात. ती जागा कानाने शोधून एकेक आघात सरकवणं, हे काम ज्या सॉफ्टवेअरमध्ये डोळ्यांसमोर करता येतं ते शिकवतं.

‘त्यापेक्षा सरळ तबला शिका की’ असं कुणी म्हणेल. अवश्य शिकावा. पण संगणक आणि गुरू यांत वैर नाही, याचा जुना पुरावा आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लखनौ घराण्याचे उस्ताद अफाक हुसेन खान यांच्याकडे शिकणारे संगीतसंशोधक जेम्स किपेन आणि संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी ‘बोल प्रोसेसर’ तयार केला. तबल्यातल्या कायद्याच्या, म्हणजे एका मूळ बोलरचनेच्या, पलट्यांचे (फेरफारांचे) नियम त्यात लिहायचे, संगणक त्या नियमांनुसार नवे पलटे काढायचा, आणि त्यातले कुठले चालतील, कुठले नाहीत, ते उस्ताद सांगायचे. नाकारलेल्या पलट्यावरून नियम सुधारायचे. यंत्राकडून वाजवून घेण्यापेक्षा गुरूच्या कानात काय आहे ते समजून घेण्याचा तो खटाटोप होता. आणि तिथे माध्यम होतं अक्षरांतले बोल, कारण आपल्याकडे ताल पढंतीतूनच, म्हणजे बोल तोंडाने म्हणूनच, हस्तांतरित होतो.

ज्यांना जाळीपेक्षा अक्षरं जवळची वाटतात त्यांनी म्हणूनच सॉनिक पाय बघावं. केंब्रिजमध्ये सॅम ॲरन यांनी शाळकरी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी ते बनवलं. विनामूल्य आहे, आणि त्यात तबल्याच्या बोलांचे नमुने आधीपासून भरलेले आहेत. त्यात यादीचा एक प्रकार असा आहे की शेवटचा घटक संपला की ती आपोआप पहिल्यावर येते; आवर्तन वेगळं सांगावं लागत नाही. सात मात्रांचा रूपक आणि आठ मात्रांचा केरवा एकाच मात्रेवर सोडून दिले तर ५६ मात्रांनी दोघांची सम एकत्र पडते, आणि त्यासाठी दहा-बारा ओळी पुरतात. कोडला बिचकणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की त्यांचं वय या सॉफ्टवेअरच्या मूळ विद्यार्थ्यांपेक्षा जास्त आहे. तयार लूप जोडून गाणं उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मी फार लिहीत नाही. त्यांतून तासाभरात ऐकण्याजोगं काही तयार होतं, हे आमिष मोठं आहे, पण लूप उघडून त्यातला एक आघात हलवता येत नसेल तर त्यात शिकण्यासारखं काही उरत नाही.

तेव्हा ज्याला सुरुवात करायचीय त्याने आज हायड्रोजन किंवा सॉनिक पाय उतरवून घ्यावं, झपताल आधी तोंडाने म्हणावा, मग मांडावा, आणि निदान सहा महिने एक रुपयाही खर्च करू नये. आणि एक विनंती. ढोलकी, संबळ, हलगी, ताशा यांचे नीट मुद्रित केलेले, कुणालाही वापरता येतील असे संच फार थोडे आहेत. गोव्याच्या घुमटाला २०१९ साली राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. त्याचं पूर्वीचं घोरपडीचं कातडं वन्यजीव कायद्याने बंद झाल्यावर आता बकऱ्याचं वापरतात, म्हणजे आवाजही बदलत्या वाटेवर आहे. ज्यांच्या घरात, पथकात, देवळात ही वाद्यं आहेत त्यांनी त्यांचा प्रत्येक बोल, हलका आणि जोरकस, दोन्ही प्रकारे मुद्रित करावा, फाइलला बोलाचं नाव द्यावं, आणि तो संच मुक्त परवान्याने सगळ्यांसाठी खुला करावा. मोबाइल, शांत खोली आणि एक सुट्टीचा दिवस एवढं त्याला पुरतं.